तीन वेबसाइटी, एक लॉगिन

पहिला फटका मॉनिटरवर बसला, दुसरा माझ्या डाव्या कानावर. मारणाऱ्याच्या हातात लोखंडी पाना होता. त्याला मी ओळखत नव्हतो. मी खाली पडल्यावर लाथा घालत तो एकच विचारत होता, "माझ्या बहिणीचा दवाखान्याचा कागद दाजीला कुणी दावला?"

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं त्याला मागून घट्ट धरलं. मग तो खुर्चीत बसून रडायला लागला आणि त्यानं तुटक तुटक सगळं सांगितलं.

धाराशिवात माझं एका खोलीचं ऑफिस आहे. उमरग्याच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची, तिथल्याच दूध संकलन केंद्राची आणि एका शिकवणीची अशा तीन वेबसाइटी मी केल्या होत्या. तिन्ही माझ्याच एका वेब-पत्त्याखाली चालत आणि तळाशी माझं नाव, ऑफिसचा पत्ता असे. लॉगिनचा कोड तीनदा कशाला लिहायचा, म्हणून एकच मूळ क्लास, म्हणजे कोडचा साचा, लिहिला आणि तिन्ही वेबसाइटींना तो वारशानं दिला. त्याचा मला अभिमान होता. पण त्या साच्यात मी एवढंच तपासत होतो, की माणूस लॉगिन झालाय का. कुठल्या वेबसाइटवर, हे तपासायचं राहून गेलं.

मला मारणाऱ्याच्या बहिणीचा नवरा दूध केंद्रावर कामाला. तिथलं लॉगिन चालू असताना त्यानं दवाखान्याचा पत्ता टाकून बघितला. पासवर्ड न विचारताच रुग्णांच्या माहितीचं पान उघडलं. बायकोच्या नावासमोर लिहिलं होतं, दुसऱ्या मुलीनंतर तांबी बसवली. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं तिला मुलींच्या देखत सरपणाच्या लाकडानं मारलं. मनगट मोडलं, दोन दात पडले.

माझ्या कानातून रक्त येत होतं, तरी आधी तिन्ही वेबसाइटी बंद केल्या. तिच्या भावाविरुद्ध तक्रार दिली नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून झालं ते सांगितलं. "तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडचं काम काढून घेतलं.

आठवड्यानं तिला भेटायला सरकारी दवाखान्यात गेलो. माफी मागायची होती, पण सुजलेल्या ओठांनी तीच आधी बोलली.

"दादा, त्यांच्याबिगर आणखी कुणी बघितलंय का?"

सर्व्हरवरची प्रत्येक नोंद मी दोनदा तपासली होती. "न्हाय ताई. त्यांनीच फक्त."

"कवा बघितलं, ते लिहून द्याल का? ते सांगत्यात, मी पायरीवरनं पडले."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. त्याचं लॉगिन, वेळ, उघडलेलं पान, सगळं छापून दिलं. जबाब लिहिणाऱ्या हवालदारानं पेन थांबवलं. "म्हंजे दार तुमीच उघडं ठेवलं. असं लिहू?"

"लिहा," मी म्हणालो.

नवऱ्याला अटक झाली. आता तो जामिनावर बाहेर आहे, खटला चालू आहे. ती मुलींना घेऊन भावाकडं राहते. तारखेला आम्ही तिघं कोर्टाच्या एकाच बाकावर बसतो. भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही.