बंद ठेवलेलं मशीन

आक्का गेली आणि कॉलेजच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग उघडेनासा झाला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिथली ग्रंथपाल. मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवायचो. आई-वडिलांमागे तिनेच मला वाढवलं. स्वतःचं म्हणून तिने केलं ते एवढंच: एकेक पुस्तक वाचून, त्यात काय आहे हे दोन ओळींत लिहून तयार केलेला हा कॅटलॉग.

प्राचार्य म्हणाले, "सर, हिंगोलीत दुरुस्तीला कोणी भेटेना. सोमवारी नांदेडचा माणूस येऊन राहिला. तोवर सुरू झालं तर बरं, न्हाई तर सगळं पुसून नवं टाकतो म्हणतो."

ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर कॅटलॉगचा प्रोग्राम चालायचा. आक्काच्या नोंदी साठवलेल्या डेटाबेसशी त्याची गाठ घालून देणारा ड्रायव्हर कुठल्या कॉम्प्युटरकडे जाईल, तो पत्ता सेटिंगच्या फाइलीत होता. मला तो अनोळखी वाटला. डेटाबेस सर्व्हरमध्येच असणार असं धरून मी सर्व्हरचाच पत्ता लिहिला. कनेक्शन नाकारलं. पोर्ट बदलला, पासवर्ड पुन्हा घातला, ड्रायव्हर काढून परत टाकला. स्क्रीनवर तेच वाक्य. ते वाचताना वाटायचं, आक्का दुसऱ्यांदा चालली आहे.

शनिवारी हात टेकले आणि फाइलीत आधी असलेला, तिने लिहिलेला पत्ता परत घातला. आता नकारही येईना, पलीकडून काहीच येईना. म्हणजे त्या पत्त्यावरचा कॉम्प्युटरच बंद होता. तो तिचाच असणार, म्हणून मी ग्रंथालयात गेलो.

तिच्या टेबलावरच्या मशीनवर पांढरा टॉवेल पांघरलेला. शेजारी तिचा फोटो, सुकलेला हार. प्लग काढून वायर नीट गुंडाळलेली.

"मामा, हे काहून बंद केलं?" मी शिपायाला विचारलं.

"बाई गेल्या त्याच दिशी केलं, सर. घरात माणूस गेल्यावर टीव्ही बंद ठेवतेत का न्हाई? तसंच."

"तेरवीनंतर लावायचं की मग."

"आमी कसं लावावं? घरच्या थोरल्यानं 'लाव' म्हणावं लागतंय. तुमी तर इकडं आलेच न्हाईत."

खरं होतं. त्या खोलीत मला जाववत नव्हतं.

"लावा," मी म्हणालो.

मशीन घरघरलं. ऑफिसात कॅटलॉग उघडला, तिच्या सगळ्या ओळींसकट. प्राचार्य खुशीत म्हणाले, "चला, बाईंवाचून काही अडलं न्हाई." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

घरी आलो. आम्हा दोघांच्याच घरातला टीव्हीही त्या दिवसापासून बंदच होता. आता घरातला थोरला मीच. पण 'लाव' म्हणायचं तरी कोणाला?