बालवाडीच्या बाजूचे पाच उमेदवार

मुलांनो, परवा थोरलीने फोनवर सांगितलं, की तुमच्या कॅलिफोर्नियात आधी सगळे उमेदवार एकत्र उभे राहतात. त्यातले पहिले दोघे पुढे जातात आणि शेवटची लढत त्यांच्यातच होते, मग ते दोघे एकाच पक्षाचे का असेनात. तिला वाटलं, आजीला हे नवीन असेल. आजीने हे यंदा आपल्याच खांदा कॉलनीत पाहिलं आणि अजून तिचा विश्वास बसत नाही.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा एक हॉल आहे. संघातल्याच एक निवृत्त शिक्षिका तिथे दिवसभर बालवाडी चालवतात. पलीकडे टॉवर उभे राहताहेत. कर्नाळ्याकडच्या पाड्यांवरून तिथे मजुरीला येणाऱ्या बायका सकाळी पोरं बाईंकडे सोडतात आणि संध्याकाळी नेतात. बालवाडी नसेल, तर ती मुलं वाळूच्या ढिगावर आणि उघड्या सळयांमध्ये खेळणार. संघातल्या काहींना मात्र हॉल लग्नामुंजींना भाड्याने द्यायचा होता. तो निर्णय नव्या अध्यक्षाच्या हाती होता.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी सुचवलं, दोन फेऱ्या घेऊ. दुसरीत दोघेच उरले, की निवडून येणाऱ्यामागे निम्म्याहून अधिक लोक असतील. मला ते फार शिस्तीचं वाटलं. बहुतेक सभासद बालवाडीच्याच बाजूचे होते, तेव्हा काळजी कसली?

भाड्याच्या बाजूने दोघे उभे राहिले. बालवाडीच्या बाजूने पाच. त्यातला एक हास्यक्लब चालवतो, दुसरा गणपतीची वर्गणी गोळा करतो. प्रत्येकाला त्याच्या बिल्डिंगने आग्रहाने उभं केलेलं. रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसायचं, मग तुम्ही माघार घ्या असं म्हणणार कोण? आणि जो तो आपल्या शेजाऱ्याला मत देऊन आला.

निकाल वाचला गेला. पहिला भाड्याचा. दुसराही भाड्याचा. मी पुन्हा वाचायला सांगितलं. आमच्या पाचांची मतं एकत्र धरली तर त्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त होती, पण पाच ठिकाणी वाटली गेल्याने एकही जण पुढे गेला नव्हता.

"मला वाटलं तुम्ही नाव मागे घ्याल," हास्यक्लबवाले पुटपुटले.

"अहो, उभे राहा म्हणून मला पेढा कोणी भरवला? तुम्हीच ना?" वर्गणीवाले म्हणाले.

पोराला न्यायला आलेली एक आई दारातून ऐकत होती. तिने बाईंना विचारलं, "बाय, उद्यापासून पोराला आनू का नको?"

"आण," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या फेरीला आठवडा होता. जिंकायचं तर त्या दोघांनाही आता आमचीच मतं हवी होती. तरी एकाने बालवाडीचं नावच काढू नका म्हणून सांगितलं. दुसरा बाईंच्या घरी जाऊन बसला. लग्नाच्या तारखा सोडून इतर दिवशी हॉल मुलांना, असं कबूल करून उठला. दुसऱ्या दिवशी मी दार उघडते तो बाई समोर, त्याचा प्रचार करत. "ज्याला तुम्हाला बाहेर काढायचंय, त्याच्यासाठी मत मागताय?" मी विचारलं.

"याच्यासमोरचा तर एक दिवसही देणार नाही. आणि उरलेत ते दोघंच," बाई म्हणाल्या.

तो आमच्याच मतांवर निवडून आला. शब्द पाळतो, हे कबूल करायला हवं. पण पहिल्या लग्नाच्या दिवशी भाजी घेऊन येताना मी पाहिलं, हॉलमध्ये सनई वाजत होती आणि बाई मुलांना घेऊन टॉवरखाली, सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला बसल्या होत्या. डोक्यावर दोराने सळया खणखणत वर चढत होत्या.

तिथून थेट हास्यक्लबवाल्यांकडे गेले. म्हटलं, पुढच्या वेळी आपल्या बाजूने एकच जण उभा राहू दे.

"अगदी पटलं," ते म्हणाले. "बाकीच्या चौघांना मी समजावतो."