खाचरावरची भिंत

वेणूबाईंनी नवऱ्याचा फोटो खिळ्यावरून उतरवला, तेव्हा काचेआड जनूचा चेहरा उरलाच नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी बुरशी चढली होती. खांद्यावरचा टॉवेल तेवढा शाबूत. फोटो एकुलता एक, मुलाच्या हळदीतला. त्यांनी तो सुनेच्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "आता बास जाला."

पालेगावात ही सात मजली इमारत उभी आहे, तिथं पूर्वी जनूचं भाताचं खाचर होतं. गावातलं सगळ्यात सखल. कापणीच्या वेळीसुद्धा पाय पोटरीपर्यंत रुतायचे. जमीन बिल्डरला गेली आणि बदल्यात तळमजल्यावरचा फ्लॅट आला. तो ताब्यात यायच्या आधीच जनू गेला. मुलगा महेंद्र, सून तेजस्वी आणि वेणूबाई तिघं राहायला आले, आणि पहिल्याच पावसाळ्यात मागच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओलीगच्च झाली. रंगाला फोड आले, फोडांचे पोपडे झाले, पोपड्यांखाली पांढरी भुकटी सुटली.

बिल्डरचा सुपरवायझर हरेश शेजारच्या गावचाच. दर दिवाळीआधी तो दोन माणसं पाठवायचा. ती वरवर खरवडायची, पुट्टी फासायची आणि वरून चकचकीत रंग मारून जायची. होळीपर्यंत डाग जागच्या जागी. तीन वर्षं हेच चाललं होतं. वर हरेश घरातल्या बायकांनाच शिकवायचा, "मावशी, तुम्ही घरात कपडे वाळत घालता, दिवसभर काही ना काही शिजत असतं. ती वाफ भिंतीत मुरते. खिडक्या उघड्या ठेवा जरा."

आणि वेणूबाईंना ते पटलं होतं. त्याचीच त्यांना आता जास्त चीड येत होती. त्या बोलण्यावरून तीन वर्षं त्यांनी तेजस्वीला टोचून खाल्लं होतं. लिफ्ट बंद असली तरी पोरगी ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीपर्यंत सात मजले चढायची. एकदा परतताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी वेणूबाईंनी विचारलं नव्हतं.

फोटो उतरवला त्या दिवशी हरेशला फोन गेला. तो संध्याकाळी आला, मोबाईलचा टॉर्च भिंतीवर फिरवला आणि म्हणाला, "या दिवाळीला डबल कोट देतो, मावशी. आणि फोटोचं काय टेन्शन घेताय? अॅपमध्ये टाका, एका मिनिटात साफ होईल."

"चेहराच नाय, तर साफ काय करशील?"

हरेश हसला. वेणूबाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरची भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. त्यांचं माहेर खाडीकाठचं. बापाची हयात मिठागरात गेली. पाणी येतं, ऊन पाणी उचलून नेतं, खार मागं राहतो, हे त्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

"खारट हाय," त्या म्हणाल्या. "माज्या भाताच्या वाफेत मीठ असतं काय रं हरेश? आं? जमिनीतनं पानी चढतंय भिंतीत. आनि तू माज्या सुनेला चोर केलास!"

"आता तुम्ही इंजिनियर झाल्या का मावशी?" हरेश गाडीची किल्ली फिरवत निघून गेला.

महेंद्र भिडस्त माणूस. "आये, कशाला वाकडं घेतेस? रंग मारून देतायत ना," तो पुटपुटला. पण तेजस्वी दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षाने उल्हासनगरला गेली आणि कॅम्प नंबर तीनमधल्या रंगाच्या दुकानात थेट विचारून आली. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने तिला डबा विकला नाही. तो म्हणाला, "पहिला प्लॅस्टिकचा तुकडा लाव भिंतीला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून. दोन दिवस थांब. पाणी वरून धरलं तर घरातली वाफ. आतून धरलं तर भिंतीतलं पाणी. मग रंग नको, पाणी शोध."

दोन दिवसांनी प्लॅस्टिक वरून कोरडं होतं. आतून मात्र थेंब ओघळत होते. तेजस्वीने त्याचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल कुणीतरी हात जोडलेलं चित्र तेवढं पाठवलं.

शनिवारी सकाळी वेणूबाईंनी पहार काढली.

मागच्या भिंतीला लागून पेव्हर ब्लॉक होते. त्यांनी पहिला ब्लॉक उचकटला, मग दुसरा. आवाज ऐकून सोसायटीचे चेअरमन दौलतराव बनियनवरच खाली धावले.

"वेणूताई! ही सोसायटीची मालमत्ता आहे. तुम्हाला असं तोडता येणार नाही!"

"मालमत्ता?" पहार थांबली नाही. "हितं मी चोवीस वर्सं भाताची आवनी केली. कुठनं पानी येतं आनि कुठं जातं, मना इचारलं काय कुनी?"

"अहो, तक्रार अर्ज द्या, मीटिंगमध्ये घेऊ..."

"तीन अर्ज हायत तुमच्या कपाटात. ते पन ओले जाले असतील!"

ब्लॉकच्या खाली माती नव्हती. विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, फुटक्या लाद्या, सगळा राडारोडा जोत्याच्या वरपर्यंत भरलेला. म्हणजे बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वीतभर उंच. अजून हातभर उकरल्यावर गच्चीच्या पाण्याचा पाइप लागला. तो गटारापर्यंत गेलाच नव्हता. भिंतीच्या पायथ्याशी राडारोड्यातच कापून सोडला होता. सात मजल्यांवरचं पावसाचं सगळं पाणी तीन वर्षं या भिंतीच्या मुळात ओतलं जात होतं.

वेणूबाईंनी दौलतरावांचं मनगट धरलं आणि हात त्या खड्ड्यात घातला. "बघा. आमच्या घरातली वाफ!"

दौलतरावांनी हात बाहेर काढला. चिखल बनियनला पुसला आणि खाली मान घालून वर गेले.

तेवढ्यावर काम झालं नाही. तळमजल्यावरच्या आणखी दोन घरांत हीच ओल होती. तिन्ही घरच्या बायका अंबरनाथला बिल्डरच्या ऑफिसात लागोपाठ तीन दिवस जाऊन बसल्या. पहिले दोन दिवस साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या दिवशी फ्लॅट बघायला आलेल्या एका जोडप्याला वेणूबाईंनी मोठ्याने विचारलं, "तलमजला घेताव काय? आधी भिंतीला हात लावून बघा." साहेब पाच मिनिटांत बाहेर आले.

राडारोडा जोत्याच्या खाली उतरला, पाइप गटाराला जोडला गेला, भिंतीलगत खडीचा चर पडला. आतलं प्लास्टर डागाच्या वर हातभर विटेपर्यंत फोडलं. हरेशला तीन दिवसांत पुट्टी मारून मोकळं व्हायचं होतं. वेणूबाईंनी त्याच्या माणसांना दारातूनच परतवलं. विटा रोज कोरड्या ब्रशने झाडून त्यांनी सुटलेला खार गोळा करून फेकला, आणि सगळा उन्हाळा भिंत उघडी ठेवली. नवं प्लास्टर मे महिन्याच्या अखेरीस झालं. त्यावर नुसता चुना, म्हणजे राहिलीसाहिली ओल बाहेर पडेल.

काम चालू असताना हरेशने चरापाशी उभं राहून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'कंपनीतर्फे ग्राहकसेवा'. तेजस्वीने वाचून दाखवलं तेव्हा वेणूबाईंनी अशी शिवी हासडली की महेंद्र उठून बाल्कनीत गेला.

जुलैत बाहेर धो धो कोसळत होतं आणि भिंत कोरडी होती. खालच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढा डाग आला. तो वाढला नाही. त्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस आली: परवानगीशिवाय ब्लॉक काढल्याबद्दल लेखी माफी द्यावी.

"काय लिहू?" तेजस्वीने विचारलं.

"माफी मी मागेन," वेणूबाई म्हणाल्या. "पन त्यांची नाय. तुजी. इतकी वर्सं तुना उगाच बोलले मी."

तेजस्वीने पेनाचं टोपण लावलं आणि धुतलेल्या कपड्यांची बादली उचलून मागच्या खोलीतल्या दोरीकडे गेली. वेणूबाई उठल्या आणि तिला चिमटे काढून देऊ लागल्या. नोटीस अजून उत्तरावाचून पडली आहे.