संध्याताईचा डावा गुडघा

सिडकोतल्या मंगल कार्यालयात ज्या संध्याकाळी कुणाचं लग्न नसतं, त्या संध्याकाळी तिथं जॅझ असतो. कार्यालयाचे व्यवस्थापक श्रीनिवासकाका पंचांग बघून आम्हाला नाच शिकवणाऱ्या संध्याताईला आधीच कळवतात. काकांचा आवाज नाकातून निघतो आणि वाक्य संपताना पायरी चुकल्यासारखा खाली जातो. पौर्णिमेपर्यंत मुहूर्त नाही, मॅडम, तोवर करा तुमचं जाझ, असं ते म्हणतात. जाझ म्हणजे मुली पाय आपटतात आणि फरशीला तडे जातात ते, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

आम्ही आत शिरतो तेव्हा आदल्या लग्नाचा वास तिथंच रेंगाळत असतो. मसालेभात, अत्तर, कोमेजलेला झेंडू. तळपायाला अक्षता टोचतात. पश्चिमेच्या उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरतं, पंख्यांची पाती ते कापत राहतात आणि सगळा हॉल पाण्याखाली गेल्यासारखा हलायला लागतो. स्टेजवर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या रिकाम्या. त्या हलत्या उजेडात आम्ही मुली गुडघे वाकवून उभ्या, आणि ताईचा आवाज येतो, कुणी झोपेत असताना कानाशी बोलावं तसा. हल्लू उतरा. जमिनीला कळलं पायजे तुम्ही आलात, शेजारणीला नाय.

ताई मूळची गंगापूरची. वडील कडुबा खरात एसटीत चालक होते, आई भामाबाई अंगणवाडीत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ताई लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून वरच्या वर नाचायची, आणि खांदा दुखला की ते तिला खाली सोडायचे, मग खाली नाचायची. कॉलेजला इथं शहरात आली, तिथून पुण्याला गेली आणि काही वर्षं जॅझ शिकून परत आली. गंगापुरात कुणी विचारलं तर वडील सांगायचे, पोरगी पुण्याला व्यायामाचं शिकती. हे सांगताना ताई त्यांच्यासारखी मान हलवते, अर्धी अभिमानानं, अर्धी पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून.

तिचं शिकवणं ऐकण्यासारखं असतं. अंग म्हणजे वाटण्या झालेलं घर आहे, म्हणते. खांद्याचा संसार वेगळा, कंबरेचा वेगळा. खांदा बाहेर निघाला तर कंबरेनं दारात येऊन विचारायचं नाय, कुठं चालला म्हणून. ठोक्यावर पाय तर वरातीतला कुणीबी टाकतो. दोन ठोक्यांच्या मधी जी मोकळी जागा असते ना, तिथं जाऊन बसायचं. एकदा एका मुलीच्या आईनं दारातून विचारलं की मॅडम, हे सगळं ठीक, पण गाण्यावर स्टेप्स कधी बसवणार? ताई म्हणाली, आधी पोरी बसू द्या. आईला काही कळलं नाही, पण ती मान डोलावून गेली.

आता अडचण अशी की मंगल कार्यालयात आरसा नाही. नवरीच्या खोलीत एक आहे, पण त्यात नवरी कमरेपर्यंतच मावते. आपला हात कुठं गेला, मान कुठं राहिली, हे ताईला दिसणार कसं? तर तिनं मला धरलं. मला माणसं चिकटतात, चालण्यासकट, खोकल्यासकट; एकदा बघितलं की मी हुबेहूब करून दाखवते. एखादी नवी हालचाल करून झाली की ती हाक मारायची, "सावने, मी आत्ता काय केलं, कर." मी करायचे. ती मान कलती करून बघायची, कोपर जास्त गेलंय वाटतं, असं पुटपुटायची आणि स्वतःचं कोपर सुधारायची. असं कितीतरी दिवस चाललं.

एके दिवशी तिनं एक गिरकी दाखवली. डावा पाय टाकायचा, खाली उतरायचं, फिरायचं, आणि हात उघडायचा सगळ्यात शेवटी. मग मला हाक मारली. मी केली. परत कर म्हणाली. परत केली. तिसऱ्यांदा करताना तिचा चेहरा पाहिला आणि माझा हात अर्ध्यातच थांबला.

"डावा पाय असा का टाकलास?"

"तू टाकलास तसा."

"मी असा टाकते?"

माझ्या शेजारी निशा उभी होती. निशा उंच, हात लांबलचक, तोंड त्याहून. ती म्हणाली, "व्हय ताई, तेच तर लई भारी आहे. ते जरासं लचकून बसणं. मी तर जिन्यावरून उतरतानाबी करते."

ताईनं मग प्रत्येकीला एकेक करून गिरकी घ्यायला लावली. त्या बुडालेल्या उजेडात एकामागून एक सगळ्या फिरल्या, आणि प्रत्येकीचा डावा पाय उशिरा आला. आधी कंबर बसायची, मग पाय यायचा, मग आधार शोधावा तसा हात वर जायचा. दिसायला इतकं सुंदर होतं ते! आम्हाला वाटायचं हाच जॅझ.

ताई स्टेजच्या कडेला जाऊन बसली. पंखे फिरत होते. मग तिनं सांगितलं, घरातलं काही बोलावं तसं. नळाला पाणी आलं होतं, चार दिवसांनी. ती पाइप घेऊन जिन्यावरून पळाली आणि घसरली. पुण्यात इतक्या उड्या मारल्या तेव्हा काही झालं नाही, आणि पाण्यापायी गुडघा गेला. डॉक्टरांनी उड्या बंद सांगितल्या होत्या. तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. नाच बघूनच शिकतात, आणि दाखवायला पायच नसेल तर मास्तरणीकडं पोरी पाठवेल कोण?

"मला वाटलं, लपलंय," ती म्हणाली. "अन् तुम्ही सगळ्यांनी माझं लंगडणं पाठ केलं."

 पालकांना दाखवायचा कार्यक्रम तोंडावर आला होता. ताईनं श्रीनिवासकाकांना सांगून टाकलं की वर्ग बंद, पुढच्या तारखा दुसऱ्या कुणाला द्या.

काकांनी दिल्या नाहीत. पुढच्या मोकळ्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या जाऊन पायऱ्यांवर बसलो. काकांनी ताईला फोन लावला, आणि त्या नाकातल्या आवाजात जे बोलले ते मी आजवर कित्येकदा म्हणून दाखवलंय. मॅडम, मुहूर्त नाही, वधू नाही, वर नाही, आणि पायऱ्यांवर एवढं वऱ्हाड आलंय. मी यांना जेवायला काय घालू?

ताई आली. सरळ स्टेजवर गेली आणि नवरीच्या खुर्चीत बसली. मी आज उठणार नाय, म्हणाली. गाणं लावलं, आणि नुसत्या बोलण्यावर शिकवायला लागली. फार वाईट झालं. दाखवायला कुणी नाही म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघायला सुरुवात केली, मी ताईसारखं करायला लागले, आणि डावा पाय परत उशिरा येऊ लागला.

"सावने, भिंतीकडं तोंड कर," ताई म्हणाली. "सगळ्याच करा. जिला जी भिंत मिळेल ती. माझा गुडघा आहे हा, तुम्हाला कशाला पायजे?"

भिंतीकडं तोंड करून आम्ही उभ्या राहिलो आणि मागून तिचा आवाज येत राहिला. ज्यांच्यातून हा जॅझ आला, त्या दूरच्या लोकांबद्दल ती सांगत होती. आफ्रिकेतून गुलाम करून जहाजात भरून अमेरिकेला नेलेली माणसं. त्यांना तिथं कुणी माणूस म्हणत नव्हतं. त्यांची लेकरं-नातवंडं गोल करून उभी राहायची, टाळ्या वाजवायची, आणि गोलात एकेकाची पाळी यायची. पाळी आली की दुसऱ्यासारखं नाचायचं नाय. स्वतःचं नाव सांगावं तसं नाचायचं. बाहेर कुणी नाव विचारत नव्हतं ना, ती म्हणाली, म्हणून तिथं सांगायचे. मग टाळी वाजवू लागली, ठोक्याच्या जरा बाजूला, आणि कुणालाच काही करायला सांगेना.

भिंतीवर ऊन होतं आणि उन्हात आमच्या सावल्या. मला माझी सावली हलताना दिसली आणि वाटलं, ही कुणाची? शेजारी निशाचे लांब हात पायांच्या आधीच पोचत होते, जणू दाराची कडी काढायला पुढं गेलेले. कुणी नुसतीच मान फिरवत होती, खूप हळू, झोपेत कूस बदलावी तशी. गाणं संपलं तरी कुणी थांबलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ताईनं आम्हाला स्टेजवर चढवलंच नाही. खुर्च्या गोल मांडल्या, मध्ये फरशी मोकळी ठेवली. संगीत लावण्याआधी ती उभी राहिली आणि पालकांना सांगितलं की तिचा डावा गुडघा गेलाय, ती उड्या मारून दाखवू शकत नाही, आणि हे ऐकून कुणाला मुलगी काढायची असेल तर तिला राग नाही. दोन आया एकमेकींच्या कानाला लागल्या. त्यातल्या एकीनं पुढच्या आठवड्यात मुलगी खरंच काढली.

मग आम्ही एकेक करून गोलात गेलो. काही चुकल्या, एकीला मध्येच रडू आलं आणि ती रडत रडत नाचली. माझ्या पाळीला मी आधी निशा झाले, मग श्रीनिवासकाका झाले, लोक हसले, आणि मग नक्कल करायला कुणीच उरलं नाही. मी नुसती उभी राहिले. ताईची टाळी चालूच होती. शेवटी माझा एक खांदा कुणाला न विचारता निघून गेला, मी त्याच्यामागून गेले.

सगळ्या झाल्यावर निशाचे वडील उठले. बन्सीकाका चितेगावच्या कंपनीत काम करतात, मशीनजवळ बोलायची सवय असल्यानं साधं बोलणंही मोठ्यानं करतात. त्यांना वाईट वाटलं होतं, ते लपत नव्हतं.

"मॅडम, एक बोलू का? एवढं शिकवलं तुम्ही, पण एक पोरगी तुमच्यासारखी नाचंना की."

 ताई त्यांच्याकडं वळली.

"एकबी नाय?"

"नाय ना."

"नीट बघितलं का, भाऊ? तो डावा पाय, गिरकीतला?"

"बघितलं की. ज्याचं त्याचं येगळंच."

ताईनं त्यांना आणखी एकदा सांगायला लावलं. बन्सीकाका बिचारे गोंधळून परत तेच म्हणाले, या वेळी जरा हळू. ताईनं खाली वाकून दुखऱ्या गुडघ्याला पट्टी घट्ट बांधली, सलवारीच्या वरून, सगळ्यांना दिसेल अशी. मग ती गोलात आली. आम्ही टाळ्या धरल्या. तिनं डावा पाय उचलला, आणि तो खाली टेकेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.