चाकं पुसून आत या

इंदूकाकूंची आणि माझी पहिली भेट फारशी गोड नव्हती. सापगावजवळच्या त्यांच्या खानावळीत मी साइटवरच्या सहकाऱ्यांबरोबर जेवायला गेले होते. मी स्थापत्य अभियंता आहे आणि व्हीलचेअर वापरते. दाराशी पायऱ्या होत्या. मी काही बोलण्याआधीच दोघा वाढप्यांनी मला खुर्चीसकट उचललं. अशा वेळी पडण्याची भीती असते, आणि सगळे घास थांबवून बघतात. आत गेल्यावर वाढप्याने माझ्या सहकाऱ्याला विचारलं, "ह्या काय खातील?"

गल्ल्यावरून काकू म्हणाल्या, "तिलाच इचार ना रे. तोंड हाय तिला."

निघताना मी त्यांना सांगितलं, की जेवण उत्तम होतं, पण पुन्हा येणार नाही. मला उचललेलं चालत नाही. काकूंनी समजूत घातली नाही. "मंग तुला यायला काय लागंल?" एवढंच विचारलं. उतार लागेल, असं मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात निरोप आला, उतार तयार आहे. मी गेले. तो घराच्या पडवीत गाडी चढवायला करतात तसा, उभाच्या उभा होता.

"काकू, यावरून मोटारसायकल चढेल. मी नाही."

"गवंड्याला नीट सांगितला नाय मी," काकू हसल्या. "आता तूच आखून दे."

एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे मी सांगितलं. एवढा उतार सरळ काढला तर रस्त्यात जाणार होता. वळवायचा तर भिंतीलगतचा ओटा तोडावा लागणार होता. त्या ओट्यावर काकू वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या वाळवत. मी दुसरा मार्ग शोधते म्हणाले. काकूंनी त्याच आठवड्यात ओटा पाडला. "मिरच्या गच्चीवर वाळतील. मानसं काय गच्चीवरनं येतील?"

नव्या उतारावरून मी पहिल्यांदा एकटीने वर गेले. या खानावळीत चपला बाहेर काढून, नळावर पाय धुऊनच आत जायची रीत आहे. माझी चाकं चिखलाने भरली होती. वाढपी म्हणाला, "राहू द्या ताई, तशाच या."

"तशीच कशाला?" काकू म्हणाल्या. "समदी पाय धुऊन येतात. तिला ओला फडका दे."

मी चाकं पुसली. त्या दारात मला सूट मिळाली नाही, याचा मला फार आनंद झाला. तेव्हा बोलून दाखवला नव्हता, म्हणून इथे लिहिते.

विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही, हा नियम काकू प्रत्येक नव्या वाढप्याला सांगतात: "खुर्ची म्हंजे तिचे पाय. गिऱ्हाइकाचे पाय धरून वढतोस का तू?" आता शेणवे गावाकडची म्हातारी माणसंही त्याच उतारावरून येतात. काकूंचे गुडघे दुखू लागल्यापासून त्याही येतात. विचारलं तर म्हणतात, "उताराची फरशी नीट हाय का बघत व्हते."

गेल्या आठवड्यात मी एकटीच गेले. कुणाचाही घास थांबला नाही. काकूंनीही मान वर केली नाही.

"चाकं पुसली का गो?"

"पुसली."

"मंग बस. आज वालाचा बिरडा हाय."

काकूंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघ्यांनी साथ दिली तर पायऱ्यांवरून, नाहीतर आमच्या उतारावरून त्यांनी शंभरीपर्यंत या दारातून आत यावं, गल्ल्यावर बसावं, आणि दर वेळी मला तोच प्रश्न विचारावा.