पाहून आलो

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. आता पहिल्यांदाच सांगतोय.

नागभीडच्या पुढे, जंगलाला लागून आमचं प्रयोगाचं शेत आहे. तिथं मी ज्वारीचं नवं वाण तयार करतो. खायला नव्हे, जाळायला. कणसाला कोण विचारतो? धांडा जितका उंच, जितका जाड, तितकं भट्टीला जळण जास्त. म्हणून दरवर्षी सगळ्यांत उंच ताटांचं बी राखायचं, पुन्हा पेरायचं. वाढवता वाढवता पीक असं झालंय की माणूस आत शिरला की दिसेनासाच होतो.

कापणीला बाया आत जाण्याआधी, जनावर दडलं असलं तर उठावं म्हणून, एकानं डबा वाजवत आतून फिरून यायचं आणि सांगायचं — पाहून आलो. तो एक मी.

गेल्या वर्षी एका सकाळी मधल्या ओळीत, ओल्या मातीत, पंजा उमटलेला दिसला. वाघाचा. ताजा. बापा रे! मी उलट्या पावली बाहेर.

बांधावर रत्नाबाई विळा घेऊन उभी. पहिल्यापासून आमच्याकडे कामाला. "पाहून आले का, भाऊ?"

वाघ म्हटलं असतं तर शेत बंद. कापणी नाही, निवडीसाठी धांड्यांचं वजन नाही, माझं सगळ्यांत उंच वाण उभ्या उभ्या वाळलं असतं. एवढंच ना? एवढ्यासाठी मी म्हटलं, "पाहून आलो, बाई. काई नाई."

ती आत गेली. पानं हलली, मिटली. एक हाक मारायला काय लागत होतं? नाही मारली. मी डबा धरून बांधावरच उभा राहिलो!

ती भारा घेऊन आली, घामाघूम. "आत कसातरी वास येऊन राह्यला, भाऊ. डुक्कर असन." ती हसली, मीही हसलो. नालायक माणूस!

वाण निवडलं गेलं. माझं कौतुक झालं.

पण तेवढ्यावर संपलं नाही. त्या दिवसापासून मी आत पाऊलच टाकलेलं नाही — भीती वाटते. बाया यायच्या आधी बांधावरूनच डबा वाजवतो, आणि तेच सांगतो.

आज रत्नाबाईनं नव्या सुनेला कामावर आणलं. पोरगी बांधावरच थबकली. "काऊन भेतं वं? भाऊ पाहून आले ना."

मी मान हलवली. दोघी आत गेल्या, भारे घेऊन बाहेर आल्या.

उरलेलं उद्या कापायचं आहे.