गोठ्यातलं इंजिन

लोणावळ्यात पाऊस पडतो तेवढ्याच मुबलक कल्पना आमच्या मामंजींच्या डोक्यात पडत, आणि निचऱ्याची सोय दोन्हींना नव्हती. मामंजी म्हणजे माझे सासरे. नोकरी सगळी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली, पण जीव यंत्रांत. पेन्शनीत निघाले त्याच वर्षी एका साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. सासूबाईंनी खुर्ची आणायला पाठवलं होतं. मामंजी हिरवळ कापायचं मोडकं यंत्र हातगाडीवर घालून घरी आले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "अहो, आपल्या अंगणात चिखलाशिवाय काही उगवत नाही. कापणार काय, कपाळ?" मामंजींनी पाती भंगारात टाकली, आतलं घागरीएवढं इंजिन पोटाशी धरून घरात नेलं आणि त्या दिवसापासून आमच्याकडे एक माणूस वाढलं.

आधी त्यांनी ते ताकाच्या रवीला जोडलं. लोणी आलं, नाही असं नाही. पण ते आढ्याला जाऊन चिकटलं. "इंजिन चोख आहे, ताकच पातळ होतं," असा निकाल झाला. मग झोपाळ्याला जोडलं. नेमके त्या दिवशी माझे वडील मला भेटायला आलेले. व्याही म्हणून त्यांना मानाने झोपाळ्यावर बसवलं आणि मामंजींनी इंजिनाची दोरी ओढली. वडील मोठे सोशिक. पुढे जाताना "लेकीला सांभाळा" आणि मागे येताना "आता पुरे" असं म्हणत बिचारे पेट्रोल संपेपर्यंत हेलकावे खात राहिले. नंतर कधीही आले की ते आल्या आल्या जमिनीवर बसत.

पण इंजिनाचं खरं काम पुढेच होतं. सासूबाईंना दमा होता. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत म्हणून नाहीत. घरोघरी शेगडीवर वेताचं डालगं उपडं घालून त्यावर लुगडी-दुपटी पसरतात. त्या धुराने सासूबाईंचा जीव नुसता घुसमटायचा. रात्र रात्र बसून काढायच्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळाभर यांना पुण्याला भावाकडे ठेवा. सासूबाईंनी रडत रडत ट्रंक काढली. मामंजींनी ती उचलून पुन्हा माळ्यावर ठेवली. म्हणाले, "धूर जाईल. माणसाने कशाला जायचं?"

आणि लागले कामाला. शेगडी गोठ्यात नेली, तिच्यावर जाड पत्रा घातला, इंजिनाला पंखा बसवला आणि पत्र्यावरची गरम हवा नळीतून थेट माजघरातल्या कपाटात सोडली. कपाटात लुगडी. पहिल्या दिवशी इंजिनाचाच धूर नळीत शिरला आणि सासूबाईंनी ट्रंक पुन्हा खाली उतरवायला सांगितली. दुसऱ्या दिवसापासून मात्र कपडे पापडासारखे खडखडीत! आवाज मात्र असा, की म्हशीची धार काढायला येणाऱ्या कुसगावच्या कोंडाबाई कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "आबा, तुमचं ह्ये डबडं लय वरडतंय. म्हस पान्हा चोरती."

"तिला सवय होईल."

"तिला व्हईल वो, मला न्हाई व्हायची!"

सासूबाईही दिवसभर त्या आवाजाला शिव्या घालायच्या. पण त्या पावसाळ्यात रात्री आडव्या होऊन झोपल्या. या घरात आल्यापासून मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

मग जर्मनची लढाई सुरू झाली आणि पेट्रोल सरकारी चिठ्ठीशिवाय मिळेना. हिरवळ कापायच्या इंजिनाला चिठ्ठी कोण देणार? आषाढ लागला. कपडे दोऱ्यांवर ओलेच, आणि मी मनाशी म्हटलं, आता ट्रंक उतरणार. मामंजी गोठ्यात शिरले ते जेवायलाच काय ते बाहेर यायचे. आणि एक दिवस कपाटातली लुगडी कोरडी ठणठणीत, पण इंजिनाचा आवाज कसा तो नाही. सासूबाईंनी अंथरुणातून विचारलं, "आज तुमचं डबडं गप्प कसं?"

"सुधारलंय," मामंजी म्हणाले. "आवाज काढून टाकला." आणि लगबगीने परत गेले.

मी हळूच मागोमाग गेले. इंजिन कोपऱ्यात पेंढ्यावर निपचित पडलं होतं. त्याच्या जागी पंख्याला शिवणयंत्राचं हातचाक जोडलेलं, आणि धोतर खोचून, घामाने निथळत मामंजी ते गरागरा फिरवत होते. शेजारी म्हैस सुखाने रवंथ करत होती. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. एरवी मला हसू फुटलं असतं. त्या दिवशी डोळेच भरून आले.

घरात आले तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. म्हणाल्या, "सूनबाई, चहा टाक. आलं जरा जास्त घाल."

"तुम्हांला?"

"मला नको गं. इंजिनाला नेऊन दे."

त्यानंतर पावसाळ्यात रोज दुपारी इंजिनाला चहा जाऊ लागला. दोघंही एकमेकांपाशी त्याबद्दल अवाक्षर बोलली नाहीत. ट्रंक माळ्यावरच गंजली.

लढाई संपल्यावर एका कोरड्या, स्वच्छ हिवाळ्यात सासूबाई गेल्या. पुढच्या आषाढात ओल्या कपड्यांचा ढीग पाहून आमच्या ह्यांनी मामंजींसाठी कुठूनसा पेट्रोलचा डबा आणला. मी तो गोठ्यात घेऊन गेले. मामंजी त्या चाकापाशी स्टुलावर नुसते बसले होते. डब्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

"हे नको, सूनबाई. ते चहावर चालायचं."

मी आलं घालून चहा करून नेला. त्यांनी तो सावकाश घेतला. चाकाला मात्र हात लावला नाही.